हानसूची माय

वयाच्या अठराव्या वर्षी माझं एका कोरियन नटाशी लग्न ठरलं होतं. ही गोष्ट त्याला सोडून गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात सगळ्यांना माहीत होती. लॉकडाऊनमध्ये आतेबहीण टीनानं तिच्या मोबाईलवर पहिली मालिका दाखवली आणि मी कामातूनच गेले. देवाच्या कॅलेंडरशेजारी त्याचा फोटो लागला. माझ्या बाबांना, म्हणजे दुर्गाप्रसाद बहेकार किराणावाल्यांना, समोर आलेलं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचायची सवय आहे, मग ते वर्तमानपत्र असो की बिस्किटाचा पुडा. त्यांनी फोटोखालचं नाव तीनदा वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "हा कोणत्या गावचा पाहुणा होय?"

प्रेम दोन वर्षं टिकलं. मग लक्षात आलं की साठ मालिकांत नायकाला कामं तीच, छत्री धरायची, मुलीला पाठीवर घेऊन चालायचं आणि श्रीमंत आईशी भांडायचं. फोटो काढून टाकला. पण तोवर भाषा मनात घर करून बसली होती. मोबाईलवरच्या फुकटच्या धड्यांवरून मी कोरियन शिकले, बाबांच्या दुकानातल्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर अक्षरं गिरवली. पुढे कळलं, की बंगळुरूच्या एका कंपनीला कोरियन मालिकांसाठी पडद्याखालच्या मराठी ओळी लिहिणारी माणसं हवी आहेत. मी पहिली चाचणी दिली आणि आपटले. शेतकरी नवरा घामाघूम होऊन घरी येतो आणि बायकोला "आपण जेवलात का?" असं विचारतो, हे मी लिहिलं होतं. असं पुण्यातही कोणी विचारत नसेल.

दुसरी चाचणी शेवटची होती. बाबांनी साफ सांगून ठेवलं होतं, "या बारी नाही झालं तं भूपेंद्रकाकाच्या शोरूममधी बस. बी. कॉम. होऊन दोन वर्षं झाले." भूपेंद्रकाकांचं गोंदियात टाइल्सचं शोरूम आहे. टाइल्सशी माझं काही वैर नाही. पण सकाळी नऊ ते रात्री आठ तिथे बसले की कोरियन कायमचं सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

चाचणीला एका मालिकेचा शेवटचा भाग आला. धानाची शेती, म्हातारा, त्याची म्हातारी मालसुन आणि शहरात नोकरी करणारा त्यांचा मुलगा हानसू. सोबत इंग्रजी ओळी तयार होत्या. त्यांवरून मराठी करायचं आणि अडलं तर मूळ ऐकायचं. मी सुटलेच. "मालसुन, धान वाळलं का?" "मालसुन, जेवाले वाढ." काम भराभर उरकत होतं. शेवटी म्हातारी दवाखान्यात असते. म्हातारा पलंगाशी बसतो आणि नुसतं "मालसुन" म्हणतो. ती तोंड फिरवते आणि दारात उभा असलेला हानसू रडायला लागतो.

इथे माझं डोकं चालेना. हा माणूस सुरुवातीपासून तिला मालसुनच म्हणत होता, मग आताच रडण्यासारखं काय झालं? या लोकांना रडायला निमित्तच लागतं, असं पुटपुटत मी चिडून तोच प्रसंग पाचव्यांदा लावला.

आई बाजूला लाखोरीची भाजी निवडत बसली होती. तिची शाळा चौथीत सुटली. पडद्यावरच्या पळत्या ओळी तिला वाचता येत नाहीत, म्हणून ती माझ्या मालिका फक्त ऐकते.

"आता काऊन मालसुन म्हणून राहिला तो?" तिनं विचारलं.

"तिचं नाव होय ते, माय."

"मंग आतापावतर तं हानसू ओम्मा म्हणून राहिला होता. ओम्मा म्हणजे माय, तूच तं सांगतलं. हानसूची माय, हानसूची माय. सकारपासून माहे कान पिकले. नाव तं त्यानं आता पहिल्यांदा घेतलं."

मी भाग पुन्हा सुरुवातीला नेला आणि खालच्या ओळी हातानं झाकल्या. त्यानं तिला बावीस वेळा हाक मारली होती आणि बावीसही वेळा "हानसू ओम्मा" अशीच. परदेशातल्या लोकांना कळावं म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्यानं सरळ नाव घालून टाकलं होतं. त्याला दोष काय द्यायचा? "भूमिकाची माय, पाणी आण वं" ही माझ्या नावानं आईला मारलेली बाबांची हाक मी जन्मापासून ऐकत आले, आणि कोरियन येत असून अक्षरं वाचत बसले. मला स्वतःची फार लाज वाटली. आधी मी चेहरा बघत होते, मग ओळी. ऐकत होती ती एकटी आई.

बावीस जागी मी "हानसूची माय" केलं. शेवटी एकदाच नाव ठेवलं आणि कंपनीला टीप लिहिली, की याच्याआधी हिचं नाव कुठेही येऊ देऊ नका.

पाठवून झाल्यावर आईला विचारलं, "माय, बाबानं तुले कधी नावानं बलावलं का?"

"कायले बलावतीन? मी काय शाळेत बसून राहिली, हजेरी घ्यायले?" ती हसली. मग भाजी निवडता निवडता खाली बघूनच म्हणाली, "गुरुजी बलावत. शामकला म्हटलं का मी जोरानं हजर म्हणो. मंग शाळाच सुटली."

इतक्या वर्षांत मीसुद्धा तिचं नाव फक्त रेशन कार्डावर वाचलं होतं.

अकराव्या दिवशी मेल आला. मी पास झाले होते. त्यांनी माझी टीप जशीच्या तशी खाली उतरवली होती आणि लिहिलं होतं, की हे आजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तोच भाग आता प्रसारित होणार होता. भागाच्या शेवटी मराठी ओळी लिहिणाऱ्याचं म्हणून कोणतं नाव द्यायचं ते कळवा, असंही होतं. मी कळवलं.

तयार भाग आला तेव्हा बाबा दुकान बंद करून दुपारच्या जेवणाला बसले होते. मी मोबाईल त्यांच्या ताटाशी टेकवून उभा केला आणि शेवट लावला. त्यांनी चष्मा सावरला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतलं.

"मराठी ओळी. भूमिका बहेकार. शाम..."

ते थांबले. त्यांचे कान लाल झाले. आई भाताची पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता हे खोकतील आणि शोरूमचा विषय काढतील. ते खोकले खरे, पण मग त्यांनी ते नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि या वेळी कुठे न थांबता.

"शामकला बहेकार."

"हजर," आई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या ताटात भात वाढला.