टाकसाळीतली वाट

सुमिएने छत्री मिटून पिशवीत कोंबली आणि नवऱ्याच्या टोपीवर नजर रोवून ती फाटकातून आत शिरली.

"थांबू नका, मंडळी! मागे फिरू नका!" पहारेकरी कर्ण्यातून ओरडत होता. "फोटो चालता चालता काढा. आज इथे गाडीला रिव्हर्स गिअर नाही!"

लोक हसले. ओसाकात पहारेकऱ्यालासुद्धा विनोद केल्याशिवाय पगार पचत नाही. सुमिएला मात्र हसू आलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या मातकट रंगाच्या टोपीकडे होतं.

शिगेहारू नेहमीसारखा दोन-तीन पावलं पुढे चालला होता. लग्न झाल्यापासून तो असाच पुढे. स्टेशनात पुढे, देवळात पुढे, तिच्या वडिलांच्या अंत्यविधीलाही पुढे. ती येतेय की नाही हे मागे वळून पाहायची त्याला कधी गरज पडली नाही, कारण ती येतच असे. आज तिला त्याची पाठच हवी होती.

"ए, पाणी आणलंस ना?" त्याने न वळता विचारलं.

"आणलंय."

त्याने हात मागे केला. तिने बाटली दिली. दोन घोट घेऊन त्याने ती तशीच मागे धरली आणि तिने घेतली.

"चिनात्सुने फोटो मागितलाय," तो म्हणाला. चिनात्सु ही त्यांची मुलगी, लग्न होऊन फुकुओकाला गेलेली. "आईचा एक तरी काढा म्हणते."

"काढा की."

"पुढे बघू," तो म्हणाला आणि चालू लागला.

मार्चअखेर तो सायकलींच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. तेव्हापासून तो घरात होता आणि घराला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. ए, चहा. ए, माझा चष्मा. ए, कुठे निघालीस, आणि माझ्या जेवणाचं काय? तो मारकुटा नव्हता, दारुडा नव्हता. "नशीबवान आहेस बाई," शेजारणी म्हणत, आणि सुमिए मूग गिळून बसे. नशीबवान बाईने तक्रार तरी कुणाकडे करायची?

आकाशी गावात समुद्राकाठी तिची शाळेतली मैत्रीण राहत होती, मासुए. नवरा गेल्यावर तिने जेवणाचे डबे विकायचं छोटं दुकान काढलं होतं. दुकानावर एक खोली रिकामी होती. "एक तारखेपासून ये," काल फोनवर मासुए म्हणाली होती. "पण येणार असशील तर उद्या रात्रीपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरी बाई बघते. किती वर्षं नुसती मनातल्या मनात बॅग भरणार आहेस?"

टोमणा वर्मी लागला, कारण तो खरा होता.

म्हणून तिने ही जागा निवडली. घरी सांगायला जावं तर तो टीव्हीचा आवाज वाढवी. कुठे चहाला बसून सांगावं तर समोर त्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यासमोर तिची जीभ टाळ्याला चिकटे. नदीकाठच्या या टाकसाळीचं आवार मात्र वर्षातून आठवडाभरच लोकांसाठी उघडतं आणि आतली वाट एकेरी असते. या फाटकातून शिरायचं, त्या फाटकातून बाहेर पडायचं. मध्येच निघून जाता येत नाही आणि एवढ्या लोकांत शिगेहारूसारखा माणूस आवाज चढवणार नाही. पाठीला सांगायचं आणि चालत राहायचं. पलीकडच्या फाटकापर्यंत सांगितलं तर सांगितलं, नाहीतर या जन्मी ते होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शहरातल्या बाकीच्या चेरी कधीच गळून गेल्या होत्या. इथली झाडं उशिरा फुलणारी, फुलं झेंडूसारखी गच्च आणि जड. फांद्या डोक्याला लागतील इतक्या खाली आल्या होत्या. प्रत्येक झाडाला नावाची पाटी होती आणि प्रत्येक पाटीपाशी कुणी ना कुणी थबकत होतं.

"यंदा निवडलेलं मानाचं झाड कुठलं हो?" मागे एक म्हातारी विचारत होती.

"पुढे आहे, आजी. गर्दी दिसेल तिथे."

आता सांगते, सुमिए मनाशी म्हणाली. त्या गुलाबी झाडापाशी. गुलाबी झाड आलं आणि गेलं. तिने पिशवीचा बंद या हातातून त्या हातात घेतला. बरं, पुढच्या वळणाशी. वळणावर एका बाईची बाबागाडी मध्ये आली आणि सुमिएला उलट हायसंच वाटलं. मग स्वतःचाच राग आला.

हिरवट पाकळ्यांच्या झाडापाशी माणसांची गाठ बसली होती. व्हीलचेअरवाल्या आजोबांना फुलं नीट दिसावीत म्हणून लोक बाजूला सरकत होते, एकमेकांच्या पायांवर पाय देत माफी मागत होते. क्षणभर टोपी दिसेनाशी झाली. सुमिए टाचा उंचावून पाहू लागली. कुणीतरी काहीतरी ओरडलं, कर्णा खरखरला, आणि टोपी पुन्हा दिसली, हातभर अंतरावर. ती घाईने टोपीमागे जाऊन पोहोचली.

आता पलीकडचं फाटक दिसू लागलं होतं.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "वळू नका. नुसतं ऐका. मी एक तारखेपासून आकाशीला राहायला जाणार आहे. मासुएकडे. चार दिवसांसाठी नाही, कायमची. तुम्ही वाईट आहात असं नाही. पण मला आता तुमच्यामागून चालायचं नाही. मी थकले."

टोपी थांबली. टोपीखालून एक गोल, लालबुंद, अगदी अनोळखी चेहरा वळला.

"ताई," तो गृहस्थ म्हणाला, "मला सोडून जायचं म्हणताय ते ठीक आहे. पण आपलं लग्न कधी झालं होतं?"

शेजारी चाललेली त्याची बायको खो खो हसली. "नेताय का यांना? न्या! घोरतात, एवढं आधीच सांगून ठेवते."

सुमिएने कमरेत इतकं वाकून माफी मागितली की पिशवीतली छत्री खाली पडली. ती बाई हसायची थांबली आणि तिने छत्री उचलून दिली.

"खऱ्याला सांगाल ना?" तिने हळूच विचारलं. "एवढं पाठ केलंय तर वाया घालवू नका."

"तिथे थांबू नका!" कर्णा ओरडला.

गर्दीने तिला पुढे ढकललं. शिगेहारू कुठे आहे? पुढेच असणार, तो कधी पुढे नव्हता? ती माणसांच्या कडेकडेने वाट काढू लागली. करडी टोपी, निळी टोपी, टक्कल. मानाच्या झाडाला लोकांनी वेढा घातला होता. तिने झाडाकडे मान वर करूनही पाहिलं नाही. शब्द तर तोंडातून निघून गेले होते आणि ज्याला सांगायचे तो ऐकायलाच नव्हता. पुन्हा जमवायला तिच्यात त्राण नव्हतं. रात्री मासुएला काय सांगायचं? टोपी चुकली म्हणून?

फाटकाबाहेर नदीकाठी ताकोयाकीच्या, ऑक्टोपसच्या गोल वड्यांच्या, गाड्या लागल्या होत्या आणि तळणाचा धूर रस्त्यावर आला होता. शिगेहारू तिथे नव्हता. नळापाशी नव्हता, बाकांवर नव्हता. फाटकातून माणसं येतच होती. त्याला रक्तदाबाची गोळी लागते आणि गोळ्या तिच्या पिशवीत होत्या. आत कुठे चक्कर येऊन पडला असेल तर? एवढ्या गर्दीत कळणार कुणाला? ज्या माणसाला सोडून जायचं होतं, त्याच्यासाठी ती टाचा उंचावून फाटकातले चेहरे शोधत होती. तिला स्वतःची चीड आली आणि रडूही आलं.

तिने फोन काढून त्याचा नंबर लावला.

घंटी तिच्या पाठीमागेच वाजली.

"ए," शिगेहारू म्हणाला.

तो तिच्यामागे हातभर अंतरावर उभा होता. टोपी काढून हातात धरलेली, कपाळावर घाम.

"कुठे होतात?" ती जवळजवळ ओरडली.

"मागे."

"मागे म्हणजे?"

"ते हिरवट झाड होतं ना. म्हटलं, तिथे तुझा फोटो काढावा. थांबलो, तर तू पुढे निघून गेलीस. हाक मारली. तू ऐकलं नाहीस." त्याने खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. "मग मागोमाग आलो."

हिरवट झाड. सुमिएने मनातल्या मनात ती वाट पुन्हा चालून पाहिली. हिरवट झाड आधी, नंतर टोपी, नंतर ते सगळं बोलणं, आणि तेव्हा हा मागेच. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या चेहऱ्यावरून तिला कधी काही वाचता आलं नव्हतं, आताही येईना.

तेवढ्यात फाटकातून ती मघाची बाई आली, मागून गोल चेहऱ्याचा नवरा. "अगंबाई, सापडले का?" ती आनंदाने म्हणाली. "आणि टोपीसुद्धा खरंच तसलीच की हो! मग, सांगितलंत..." शिगेहारूकडे नजर जाताच ती गप्प झाली. शिगेहारूने तिला रीतसर वाकून नमस्कार केला, कारखान्यात पाहुण्यांना करत असे तसा. बाईने नवऱ्याची बाही धरली आणि त्याला ओढतच ताकोयाकीच्या गाडीकडे नेलं.

आता बोलेल, सुमिएला वाटलं. तिने पिशवी छातीशी धरली. त्याने फोनवर बोट फिरवून एक फोटो उघडला आणि तिच्यासमोर धरला. फोटोत गर्दी होती, वर फुलं होती आणि मधोमध तिची पाठ होती.

"चेहरा नाही आला," तो म्हणाला. "मागून बघितलं तर तू लहान दिसतेस. एवढी लहान आहेस हे ठाऊक नव्हतं."

दोघं स्टेशनच्या दिशेने निघाली. रस्त्याच्या कडेला सिग्नल लाल होता, तिथे थांबली. शिगेहारू टोपी हातातल्या हातात फिरवत होता. समोरून ट्रक गेला, बस गेली.

"त्या भाताच्या कुकरात," तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आतल्या भांड्याला रेघा असतात ना?"

"असतात."

"एकट्यापुरता भात लावायचा तर पाणी कुठल्या रेघेपर्यंत घालायचं?"

सुमिएने पिशवी छातीपासून खाली घेतली.

"आधी तांदूळ धुवायचे," शेवटी ती म्हणाली.

"किती वेळा?"

"पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत."

त्याने मान डोलावली. "गढूळ यायचं थांबेपर्यंत," तो पुटपुटला, नव्या यंत्राची माहिती पाठ करावी तसा. "आणि मग रेघ?"

"खालून पहिली."

सिग्नल हिरवा झाला. मागची माणसं दोघांना वळसा घालून रस्ता ओलांडू लागली. शिगेहारूने पाऊल उचललं नाही. तो तिच्याकडे पाहत उभा होता, आणि ती त्याच्याकडे.