कोरा दंड

धर्मादाय शाळेचा नियम म्हणजे दगडावरची रेघ: एका घरातून एकच मूल. धोबिणीला मात्र दोन मुली होत्या, दीड वर्षाच्या अंतराच्या आणि चेहऱ्याने सारख्या. मग काय, शाळेत एकच नाव घातलं, शाळेने दिलेला एकच झगा दोघींनी वाटून घेतला आणि आळीपाळीने जायला लागल्या. एक शिकून आली की संध्याकाळी दुसरीला शिकवायची. दोन वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. लबाडी म्हणायची तर खुशाल म्हणा, पण अशा लबाडीलाही डोकं लागतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर देवीची लस टोचायला आले, तेव्हा पाळी थोरलीची होती. तिच्या दंडावर चांगला टपोरा फोड आला. तो तपासायला डॉक्टर उद्या यायचे होते, म्हणजे थोरलीच्याच दिवशी. पण ते आजच आले.

धाकटी रांगेत उभी होती. पुढच्या मुली बाह्या वर करून दंड दाखवत होत्या आणि तिचा दंड कोरा होता. पळावं तर दारात मोठ्या बाई. काहीतरी खूण दिसेल या वेड्या आशेने तिने नखांनी दंड खरवडला. तो नुसताच लाल झाला.

डॉक्टरांनी तिचा दंड उजेडात धरून न्याहाळला. लस लागली नाही तरी टोचल्याची खूण राहतेच, असं ते पुटपुटले आणि बाईंकडे पाहू लागले.

बाईंनी तिला आपल्या खोलीत नेलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"दोघी आहात ना?"

तिने होकाराची मान हलवली.

"नियम माझा नाही, बाळ. मी गप्प बसेन, पण उद्यापासून एकीनंच यायचं. कोणी, ते घरी ठरवा."

ती घराकडे निघाली. आईला कसं सांगायचं, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती मनात उठलेल्या एका वाक्याची होती. ती ते गिळत होती आणि ते पुन्हा वर येत होतं.

थोरली दारात कपडे पिळत होती. बहिणीचा चेहरा पाहूनच ती समजली. बाई काय म्हणाल्या, तिने हळूच विचारलं.

"एकीनंच यायचं." धाकटी थांबली. जीभ तिचं ऐकेना. "मला ये म्हणाल्या."

थोरलीने हातातलं कापड पुन्हा पिळलं. त्यात आता पाण्याचा थेंबही उरला नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, दोघींनाही काढलं."

धाकटीला तिच्याकडे बघवेना.