झाकली मूठ

मित्रांनो, मी एक जुना नेलकटर आहे. बोटभर लांबीचा, पोलादी. कारखान्यात माझी पाती जुळवली तेव्हा वाटले होते, आपण एखाद्या श्रीमंताच्या खिशात जाणार. गेलो शिंपीणकाकूंच्या दुकानात, दोरे तोडायला.

काकू दुपारी दुकान बंद करून मला रुमालात गुंडाळत आणि दवाखान्यात नेत. ज्या म्हाताऱ्यांची बोटे थरथरत, ज्यांच्याकडे कोणी फिरकत नसे, त्यांची नखे त्या कापून देत. दर माणसामागे मला उकळत्या पाण्याची अंघोळ! नर्सबाई चिडवत, "काकू, नखं कापून कुणी बरं झालंय का?" काकू म्हणत, "बरं करणं तुमच्याकडे. मी आपली टोकं काढते."

एका गोष्टीचे मला फार कुतूहल होते. कोणाचाही हात हाती घेतला, की काकू पुटपुटत, "आज कुठं लपलायस?" त्या कोणाला शोधत होत्या? हरवलेल्या भावाला? मीही प्रत्येक तळहात निरखून पाही. रेषा दिसत, घट्टे दिसत. माणूस काही सापडत नसे.

मग खिडकीजवळच्या खाटेवर सुतारबाबा आले. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता. मूठ घट्ट मिटलेली, आणि वाढलेली नखे तळहातात रुतत होती. डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बजावले होते, की जखम चिघळली तर हातावर बेतेल. पण बाबा कोणाला मूठ उघडू देत नसत. ज्या हाताने घरोघरची दारे घडवली, तो असा लुळा कोणाला दाखवायचा? काकूंनाही त्यांनी हसण्यावारी नेले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

काकूंनी हट्ट धरला नाही. रोज त्या मुठीवर कोमट पाण्याचा कपडा ठेवून नुसत्या बसत. ओठ मात्र हलत, "कुठं लपलायस?"

इकडे मी म्हातारा होत होतो. माझी धार गेली होती. नख कापण्याऐवजी मी ते चावायचो. नर्सबाई म्हणाल्या, फेकून द्या याला. काकूंनी मला पुन्हा रुमालात गुंडाळले.

एके दिवशी शेजारच्या आजोबांच्या अंगठ्यावर मी कचकच करत होतो. सुतारबाबांना ते ऐकवेना. "बाई, हत्याराची ही काय दशा केलीत? आणा इकडं." त्यांनी लेकीला घरून धार लावायचा दगड आणायला सांगितले.

दगड आला. बाबांनी मला डाव्या हातात घेतले आणि थांबले. दगड धरणार कोण?

लेक पुढे झाली, पण काकूंनी तिला डोळ्यांनीच थोपवले. त्या म्हणाल्या, "उजव्या हातात धरा की. पण नखं काढल्याशिवाय दगड बसायचा नाही."

बाबांनी मला खाली ठेवले. मग डाव्या हाताने उजवी मूठ उचलून त्यांनी ती काकूंच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी एकेक बोट हळूहळू सोडवले. मी माझ्या बोथट दातांनी, जिवाच्या आकांताने, एकेक नख कापले. काकूंनी जखम धुतली, तिच्यावर मऊ कापड ठेवले आणि त्यावर दगड. बाबांची बोटे त्याच्याभोवती वळली, पण आता ती रुतत नव्हती. मग डाव्या हाताने त्यांनी मला घासायला सुरुवात केली. वाकडेतिकडे, धापा टाकत. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर मालकाचा थाट.

काकू हळूच म्हणाल्या, "सापडलास."

"कोण सापडला?" बाबांनी विचारले.

"देव. मला वाटायचं, मी त्याची सेवा करतेय. आज त्यानंच माझं काम हाती घेतलं."

मला उजेडात धरून बाबांनी पात्यांवर फुंकर मारली.

मित्रांनो, मी अजून कामावर आहे. तुमच्या घरच्या अवजारांना पुसून, धार लावून ठेवा. आणि घरात एखादी मिटलेली मूठ असेल, तर ती ओढून उघडू नका. शेजारी बसा. आत कोण लपले आहे, याचे कुतूहल मात्र सोडू नका.