जयवंताबाई फ्रान्सला जाऊन आल्या

जयवंताबाई फ्रान्सला जाऊन आल्या, हे बोथच्या आसपासच्या पाच-दहा गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या गेल्याच नव्हत्या, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरा उटनूरचा त्यांचा मावसभाऊ अमृतराव. तिसरा जाणता माणूस म्हणजे त्यांचा मुलगा उद्धव. पण तो होता तिकडं फ्रान्सात, आणि आईनं गावाला काय सांगून ठेवलंय याचा त्याला गंधही नव्हता.

जयवंताबाई वांगी-मिरची पिकवणाऱ्या. दीड एकराचा मळा, एक विहीर आणि एकुलता एक मुलगा मागे ठेवून नवरा बारा वर्षांपूर्वी गेला होता. मुलगा हुशार निघाला, हैदराबादेत इंजिनिअर झाला, आणि कंपनीनं त्याला उचलून थेट फ्रान्सला नेऊन ठेवलं. त्याची पत्रं अमृतरावाच्या पत्त्यावर येत. अमृतरावाचा उटनूरला फोटो स्टुडिओ होता, माणूस सडाफटिंग, वेळच वेळ. जयवंताबाईंना अक्षर येत नव्हतं, म्हणून तो पत्र घेऊन स्वतः यायचा आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचा. अर्धं गाव ऐकायला जमायचं. जमू द्यायचं नाही असं जयवंताबाईंनीही कधी मनात आणलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत एक पत्र आलं, सोबत एक चित्रकार्ड. उद्धवनं लिहिलं होतं, ‘माझ्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर टेकडीवर एक गाव आहे, सातशे वर्षांचं. भोवती दगडी तट, एकच मोठी वेस. वेशीतून शिरलं की पायऱ्यांची गल्ली लागते. वर देऊळ आहे, त्यात कडेवर बाळ घेतलेली आई. पूर्वी लोक लांबलांबून पायी यायचे तिच्या दर्शनाला, अजूनही येतात. गुरुवारी देवळापुढे भाजीबाजार भरतो. माय, चैत्रात ये. तिकीट काढतो. तुला तिथं नेईन.’

इथंच गावाची गफलत झाली. सातशे वर्षांचं ठाणं, लोक पायी जातात, म्हणजे देवी जागृत आहे, असा म्हाताऱ्या नागोरावांनी निकाल दिला. आणि मग जयवंताबाईंची फ्रान्सला जायची तयारी काशीला जायची असावी तशी सुरू झाली. आमच्याकडे काशीला निघालेल्या माणसाला वेशीपर्यंत वाजवत पोचवतात. ज्यांना जायला मिळत नाही ते आपापल्या नावाची सुपारी त्याच्याजवळ देतात, आमच्या नावानं देवापुढं ठेवा म्हणून. परत आल्यावर त्यानं मावंदं घालायचं, म्हणजे गावजेवण द्यायचं, आणि गावानं त्याच्या पाया पडायचं. मात्र वेशीवरून वाटेला लावलेल्या माणसानं दर्शनाशिवाय माघारी फिरायचं नाही. फिरलं तर सुपारी देणाऱ्यांवर अरिष्ट येतं अशी समजूत.

एकोणनव्वदच्या चैत्रात जयवंताबाईंना असं वाजतगाजत पोचवलं. पदराच्या गाठीला नऊ सुपाऱ्या होत्या. शेजारच्या कौशल्याबाईची सुपारी तिच्या लेकीसाठी होती. लेकीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता.

“नीट ठेवजा, जयवंताबाई,” कौशल्याबाई रडत म्हणाली. “लेकरूवाली देवी हाय म्हन्ते. तिला समजंन.”

नागपूर-हैदराबाद सडकेवर उटनूरचा फाटा आहे, तिथं अमृतराव भेटणार आणि तो त्यांना हैदराबादला विमानावर पोचवणार असं ठरलं होतं. जयवंताबाई बसमधून उतरल्या. अमृतराव उभा होता, पण त्याच्याजवळ पिशवी नव्हती. हातात फक्त एक पाकीट होतं.

“अक्का, कालच आलं हे,” तो म्हणाला आणि पत्र न उघडताच सांगून मोकळा झाला. “उद्धवला या साली जमत नाई. घर लहान पडते म्हन्ते, सूनबाईची नोकरी हाय. तिकीट रद्द केलं. पुढच्या साली नक्की, असं लिवलंय.”

जयवंताबाई फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी बाकावर बसल्या. दोन बस आल्या आणि गेल्या.

“चाल, तुला गावाला पोचवतो,” अमृतराव म्हणाला.

“मी गावाला कशी जाऊ, अमृत? पोरानं नाई म्हनलं, असं सांगू? वाजवत लावून देल्लं मले.” मग त्यांनी पदराची गाठ त्याला दाखवली. “अन् ह्या नऊ जनाच्या सुपाऱ्या?”

अशा रीतीनं जयवंताबाई फ्रान्सऐवजी उटनूरला गेल्या आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत महिनाभर राहिल्या. बाहेर पडायची सोय नव्हती. बाजाराच्या दिवशी तर खिडकीही लावून घ्यावी लागे. बोथकडची माणसं उटनूरला येतच असतात, कोणी ओळखलं तर शोभा झाली असती. लग्नसराईचे दिवस, अमृतराव फोटो काढायला पहाटेच निघून जायचा. त्या महिन्यात जयवंताबाईंना जितकं एकटं वाटलं तितकं नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रडायला गाव तरी सोबत होतं.

फोटोची कल्पना अमृतरावाची. फ्रान्सला जाऊन आलेल्या बाईजवळ एक तरी फोटो नको का? स्टुडिओत पडदा होता, पण त्यावरचं तळं आणि त्यातली कमळं सगळ्या तालुक्याला पाठ होती. निम्म्या नवरदेवांचे फोटो त्याच तळ्याकाठी निघाले होते. म्हणून अमृतरावानं नवं मांजरपाट आणलं, सरस उकळला, रंगाच्या पुड्या कालवल्या आणि चित्रकार्ड समोर ठेवून रोज संध्याकाळी तो तटाचं गाव रंगवू लागला. जयवंताबाई शेजारी बसून कंदिलाच्या काचा पुसायच्या आणि चुका काढायच्या.

“वेस एवढीशी काऊन काढली? बैलगाडी जाईन का ह्याच्यातून?”

“अक्का, तिकडं बैलगाड्या नाईत.”

“आता नसंन. सातशे वर्साखाली होत्या ना?”

अमृतरावानं वेस रुंद केली. मग पायऱ्या आल्या, दोन्ही बाजूंना दगडी घरं, वर देवळाचा मनोरा. बाजारात काय मांडायचं ते जयवंताबाईंनी सांगितलं. कार्डावर बाजार नव्हताच, पण पत्रात होता, आणि भाजीतलं त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. दुपारी घरात चिटपाखरू नसताना जयवंताबाई त्या पडद्यासमोर बसून राहायच्या. वेशीतून आत जायचं, उजव्या हाताला पहिलं घर, मग एकेक पायरी. कुठल्या वळणावर दम लागेल, कुठं टेकायला कट्टा आहे, हे सगळं त्यांनी ठरवून टाकलं. उद्धव कुठल्या पायरीवर उभा राहून वाट बघेल तेही ठरवायचा त्या प्रयत्न करत, पण तेवढं काही त्यांना साधत नसे.

शेवटच्या दिवशी त्यांनी आंघोळ करून पडद्यावरच्या देवळाच्या दारापुढं नऊ सुपाऱ्या ओळीनं ठेवल्या आणि नऊही नावं घेतली. कौशल्याबाईच्या लेकीचं नाव दोनदा घेतलं. मग अमृतरावानं जंगलखात्याच्या एका गार्डाचा लोकरी कोट मागून आणला, कारण तिकडं थंडी असते. वैशाखातल्या उटनूरच्या उन्हात, अंगणात टांगलेल्या पडद्यापुढं, लुगड्यावर तो कोट घालून जयवंताबाई उभ्या राहिल्या. घामानं अंघोळ झाली. फोटोत मात्र त्या छान दिसतात, किंचित हसल्यासारख्या. काळा-पांढरा फोटो, रंगाची लबाडी कळत नाही. पडदा अमृतरावानं त्याच संध्याकाळी धुऊन काढला.

परत आल्यावर मावंदं झालं. पासष्ट वर्षांचे नागोराव वाकून पाया पडले तेव्हा जयवंताबाईंनी पाय मागे ओढले. लोकांना तो विनय वाटला. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

पण लोक विचारत राहिले, आणि जयवंताबाई सांगत राहिल्या. मेथीच्या जुड्या बांधताना, पाणवठ्यावर, बोथच्या बाजारात ओळीनं बसलेल्या भाजीवाल्यांत. सांगता सांगता एक गोष्ट आपोआप होत गेली. दर खेपेला उद्धव थोडा जास्त चांगला व्हायचा. आधी तो विमानतळावर घ्यायला आला होता. मग त्यानं आईसाठी आठ दिवसांची सुट्टी काढली. मग पायऱ्या चढताना हात धरला. दुसऱ्या वर्षी तर त्यानं वरच्या कट्ट्यावर आईचे पाय चेपून दिले, आणि गोऱ्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. खऱ्या उद्धवची पत्रं अमृतराव आता ओसरीवर न वाचता आत, दार लावून वाचायचा, आणि ती त्याच काळात कमी होत होती. पुढच्या साली नक्की, हे वाक्य एकदा आलं, नंतर तेही आलं नाही. जयवंताबाईंना दोन्ही उद्धव सांभाळावे लागत, आणि संध्याकाळी दार लावून घेतलं की दोघांपैकी एकही घरात नसे.

त्यात कौशल्याबाईच्या लेकीला मुलगा झाला. तटाच्या गावची देवी पावली, असं सगळ्यांनी म्हटलं. आता तर तोंड उघडणं शक्यच नव्हतं. खरं बाहेर आलं असतं तर जयवंताबाईंची नाचक्की झालीच असती, पण कौशल्याबाईनं त्या लेकराकडं कुठल्या डोळ्यांनी बघितलं असतं?

आणि त्र्याण्णवच्या कार्तिकात, काही न कळवता, उद्धव आला.

कंपनीच्या कामानं तो हैदराबादला आला होता, दोन दिवस काढून गावी आला. जयवंताबाई मळ्यात होत्या. निरोप पोचून त्या धावत घरी येईपर्यंत ओसरी भरली होती. उद्धव खाटेवर बसला होता, जाडसर झालेला, कपाळ मोठं झालेलं. त्यांना वाटलं, आधी त्याला आत न्यावं, कानात चार शब्द सांगावेत. पण कौशल्याबाईनं नातवाला त्याच्या मांडीवर ठेवूनही दिलं होतं.

“पाय, हा तुह्या गावच्या देवीचा परसाद. तुह्या मायनं सुपारी ठेवली होती ना माह्या नावाची.”

उद्धवनं मान वर केली. भिंतीवर फोटो होता. कोट घातलेली आई, मागं तट, पायऱ्या, बाजार. तो बराच वेळ बघत राहिला. जयवंताबाई दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. चार वर्षं जपलेलं सगळं आता या पोराच्या एका शब्दावर होतं. नुसतं ‘कधी?’ एवढं विचारलं असतं तरी संपलं होतं.

“माय सांगत असते तुमच्याबद्दल,” नागोराव म्हणाले. “लय केलं म्हने तुमी तिचं.”

उद्धवनं आईकडे पाहिलं. पोरगा हुशार होता, लहानपणापासूनच. त्याला सगळं समजलं, हे जयवंताबाईंना दिसलं.

“काय केलं काका, आपलीच माय,” तो म्हणाला. “त्या पायऱ्या फार उंच आहेत. मी हात धरून वर नेलं. दमली की बसवायचो. देवळात गेलो, बाजार बघितला. फार खूश होती.”

ओसरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं, वाचल्या जयवंताबाई. त्यांनी सुटल्याचा श्वास टाकायला हवा होता. पण त्यांना संताप आला. हात धरल्याचं त्यांनीच तर जगाला सांगितलं होतं, शंभर वेळा. ते सांगायला त्यांना एक महिना मागच्या खोलीत कोंडून घ्यावं लागलं होतं, देवाला आणि शेजारणीला फसवावं लागलं होतं. आणि हा आला, खाटेवर बसला आणि फुकटात त्या गावात शिरून त्यांचा हात धरून मोकळा झाला. किती सहज!

“खोटं नको बोलू, उद्धव,” जयवंताबाई म्हणाल्या.

उद्धवचा चेहरा पांढरा पडला. कौशल्याबाईनं नातवाला मांडीवरून उचलून जवळ घेतलं.

जयवंताबाई आत आल्या आणि फोटोखाली उभ्या राहिल्या.

“मी उगीच सांगत होती सगळ्यायले, पोराचं नाव राहावं म्हनून,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “हा कुठचा हात धरते! याले टाइम होता का? हा आलाच नाई. त्या पायऱ्या मी एकटीच चढली.”