दहाची कॉफी

आमच्या देशात कुणाला नोकरीवरून काढत नाहीत. माणूस ‘उपलब्ध’ होतो. म्हणजे देशाला जिथे गरज असेल तिथे जायला मोकळा. त्या वर्षी वरून हुकूम आला, सरकारी ऑफिसांत माणसं फार झाली आहेत. आमच्या सिएनफुएगोस शहरातल्या नकाशांच्या ऑफिसातून कोण उपलब्ध होणार, ते आम्हीच आमच्यातली समिती निवडून ठरवायचं होतं. समितीसाठी माझ्या मैत्रिणीचं, लासाराचं नाव निघालं तेव्हा सगळ्यात आधी हात मी वर केला. म्हटलं, आपलं माणूस आत असलेलं बरं.

मी तिथली कॉफीवाली. दहा वाजले की सगळे माझ्याकडे जिन्याखाली जमायचे. ऑफिसला मिळणारी सरकारी कॉफी केव्हाच बंद झाली होती, पण माझी जागा कागदावर राहिली आणि दहाची सवयही राहिली. कुणी घरून चिमूटभर पूड आणायचं, कुणी साखर, मी त्यात भाजलेले वाटाणे दळून घालायची. चव यथातथाच. पण कुणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले, कुणाच्या पोरीला पुन्हा दिवस गेलेत, सगळं तिथे कळायचं. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिवसभरात माणसांचा आवाज कानावर पडायचा तो तिथेच.

निर्णय सांगायला संचालक ओस्निएल स्वतः आला. समितीच्या वतीने लासारा त्याच्या मागे उभी, नजर जमिनीवर.

“नेरेइदाबाई, तुमच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही,” तो म्हणाला. “पण कॉफी येत नाही आणि कॉफीवाली आहे, हे वर कसं सांगायचं?”

“आणि एका टेबलावर तिघं मिळून एकच रेघ ओढतात, ते कसं सांगता?”

“ते तंत्रज्ञ आहेत, बाई.”

“लासारा, तू काय म्हणालीस गं आत?”

“अगं, सगळ्यांचं एकमत झालं,” ती म्हणाली. “तुझ्या हातात कसब आहे. तुझं कुठेही भागेल.”

एकमत झालं म्हणजे तिचंही झालंच. मी माझं भांडं धुऊन पालथं घातलं आणि घरी आले.

रोजगार कार्यालयातली मुलगी गोड होती. “मावशी, बांधकामावर जागा आहेत. वीटभट्टीवर आहेत. उसाच्या रानात तर कितीही.”

“माझे गुडघे बघितलेस का?”

“मग स्वतःचा धंदा करा. आता परवानगी देतो आम्ही.” तिने मंजूर धंदे वाचून दाखवले. छत्र्या दुरुस्त करणं, बटणांवर कापड चढवणं, लायटरमध्ये गॅस भरणं, ताडाच्या झावळ्या उतरवणं.

“या वयात ताडावर चढवतेस होय गं मला?”

ती खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी कुणाशी एवढं बोलले होते, म्हणून काम झाल्यावरही मी जरा बसून राहिले. मागचे लोक कुरकुरायला लागले तेव्हा उठले.

कॉफी विकायचा परवाना घेतला. माझं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, आणि खरं सांगते, माझं सगळं लक्ष दहाच्या ठोक्याकडे होतं. रस्त्यावरच्यांना खिडकीतून द्यायची, आणि आमची माणसं आली की आत बसवायची. शेजारणीकडून दोन खुर्च्या मागून आणल्या. दार उघडं ठेवलं.

धंदा चांगला चालला. ड्रायव्हर यायचे, नर्सा यायच्या, एका घोटात पिऊन चालू लागायचे. दहा वाजले की मी दाराकडे बघायची. ऑफिसातलं कुणी फिरकलं नाही. मनाला समजावलं, लाजत असतील बिचारे. खुर्च्या तशाच ठेवल्या.

मग एका सकाळी कोपऱ्यावर लासारा दिसली. मी लगबगीने खुर्ची पुसली, दार आणखी लोटून सताड उघडलं. खिडकीशी चार-पाच जण उभे होते. ती दारासमोरून गेली आणि त्यांच्यापाशी थांबली. दुकानापाशी, बसथांब्यापाशी रांग लावताना परक्या माणसांना विचारतात तसं तिने विचारलं, “शेवटचं कोण?”

एका ड्रायव्हरने हात वर केला. ती त्याच्या मागे उभी राहिली.

“अगं भवाने, आत ये ना!” एवढं ओरडले असते तरी झालं असतं. पण मी एकेकाला कप देत राहिले. तिची पाळी आली.

“एक कॉफी,” ती म्हणाली.

वीस वर्षं मी या बाईचा कप भरला होता. चमच्याच्या टोकावर राहील एवढीच साखर लागते तिला, हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल.

“साखर किती?” मी विचारलं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता चिडेल, शिवी हासडेल, रडेल. काहीही चाललं असतं मला.

“अगदी थोडी,” ती म्हणाली, आणि नाणं खिडकीत ठेवलं.