बिटावरची माती

"साहेब, बिटांबरोबर आमच्या शेतातली माती येते, ती तुम्ही वजनातून कापता. मग परत का देत नाही?"

पैज वर्गातल्या मानोंची. वर्ग बिटापासून साखर काढणारा गावचा कारखाना बघायला आला होता. कापुसिनने मॅनेजरला हे विचारलं, तर मानों महिनाभर तिचं दप्तर उचलणार होती. गेल्या वर्षीपर्यंत कापुसिन फळ्यावर तारीख लिहायलाही उठायची नाही, यंदा मात्र तिला कंठ फुटला होता.

सगळे खिदळले. मॅनेजर दलात्रसाहेब हसले नाहीत. धुतलेली माती मागच्या तळ्यांत बसते, वसंतात मागेल त्याला ट्रक भरून देतो, म्हणाले. मग तिचं आडनाव विचारलं.

"लसाज? तुझे बाबा कधी मागायला आलेच नाहीत."

का ते कापुसिनला ठाऊक होतं. तिची आई सांद्रीन कारखान्यात नमुन्याच्या टेबलावर होती. प्रत्येक ट्रॉलीतली थोडी बिटं धुवायची, किती माती निघाली ते बघायचं, तेवढं शेतकऱ्याच्या बिटांचं वजन घटायचं. बाबांची ट्रॉली आली की आई हातमोजे काढून बाजूला व्हायची आणि दुसरं कुणी धुवायचं. गावात ही रीतच होती. तरी पावसापाण्याच्या दिवसांत माती जास्त भरली की बाबा घरी येऊन निमूट सूप प्यायचे, आईकडे बघायचे नाहीत. कारखान्याकडे मागायला जाणं तर दूरच. हंगाम संपेपर्यंत जेवताना मातीचं नाव काढायचं नाही, असा घरचा कायदा होता.

त्यात शाळेचा कामाचा आठवडा जवळ आला होता. तिच्या वर्गातल्या प्रत्येकाने आठवडाभर खऱ्या कामावर जायचं आणि कुठे ते शुक्रवारपर्यंत सांगायचं. आईने न बोलता कारखान्यातला एक पांढरा कोट इस्त्री करून दाराशी टांगला होता. बाबांनी न बोलता त्याच्याखाली शेतात घालायला तिच्या मापाचे नवे गमबूट आणून ठेवले होते. कापुसिन येता-जाता दोन्हींकडे बघायची. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याचं तोंड हंगामभर उतरणार.

कारखाना बघून सगळे बसकडे निघाले तेव्हा ती बाईंना सांगून मागच्या तळ्यांकडे धावली. तिथे जोझियान नावाची धिप्पाड बाई खोदयंत्राने गाळ उपसत होती. तपकिरी, लोण्यासारखा मऊ गाळ. ही कुणाची माती, कापुसिनने ओरडून विचारलं.

"सगळ्यांची. आत पडली की भांडण मिटलं," जोझियान वरूनच म्हणाली. "तुला काय हवंय?"

काय हवंय ते कापुसिनला तिथेच कळलं.

रात्री लीकच्या भाजीचं सूप वाढलं गेलं. बाबा खाली बघून ब्रेड मोडत होते.

"मला मातीबद्दल बोलायचंय," ती म्हणाली.

बाबांचा हात थांबला. "जेवताना नाही, हे ठरलंय ना आपलं?" आई हळूच म्हणाली.

"ते तुमचं दोघांचं ठरलंय. माझं असं ठरलंय की कामाच्या आठवड्यात मी तळ्यावर जाणार, जोझियानकडे. कोट आईचा घालीन, बूट बाबांचे. कोट मळला तर मी धुईन. आणि बाबा, वसंतातला पहिला ट्रक आपल्या ओढ्याकडच्या शेतात येणार आहे. मी कारखान्याकडे तो मागून आलेय."