पानावरचं मेण

तिनं चिमट्यानं पान गरम स्पिरिटमधून उचललं, कोमट पाण्यात बुचकळून बशीत पसरलं आणि त्यावर आयोडीनचे थेंब सोडले. पान काळंनिळं होत गेलं. मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावली होती, तिथंसुद्धा. पट्टीची खूण कुठं म्हणून उरली नाही. उजेड न मिळालेला तेवढा भाग खरं तर निळा व्हायला नको होता.

“सर, झाकलेला भागही निळा झाला,” ती म्हणाली.

प्रशिक्षणाला आलेल्या, टेबलाभोवती जमलेल्या बाकीच्या शिक्षकांनी माना पुढं केल्या आणि तशाच मागं घेतल्या. प्रशिक्षक लगबगीनं आले. उठसूट सगळ्यांना उभं करून टाळ्यांचे खेळ घ्यायचे, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव टाळीसर पडलं होतं. त्यांनी बशीतलं पान बोटानं ओढलं आणि चहाचे उष्टे कप टाकायच्या बादलीत भिरकावलं.

“होणारच. दोन दिवस अंधारात कोण ठेवतंय झाड? कालच तर आणलं.” मग आवाज खाली आणून, “तुम्ही जरा इकडं या.”

खिडकीशी झाकून ठेवलेली दुसरी बशी त्यांनी उघडली. आत आधीच उकळून पांढरं केलेलं पान होतं.

“पट्टीच्या जागी मेणबत्ती फिरवलीय. तिथं आयोडीन धरत नाही. शिक्षणाधिकारी साहेब चहानंतर येतील, तेव्हा हे दाखवा. प्रशिक्षण केंद्रावर एक जागा भरायचीय, तुमचं नाव मीच घातलंय कानावर.”

तिनं पानावरून बोट फिरवलं. बोटाला गुळगुळीत, चिकट असं काहीतरी लागलं.

वर्गाबाहेरच्या बेसिनमध्ये चहाचा चोथा तुंबला होता. त्यावर कुणीतरी खाकरून थुंकलं होतं. श्वास रोखून ती हात धूत राहिली, पण मेण साध्या पाण्यानं जाईना. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“काय म्हणतायत?”

“मेण लावलेलं पान दाखवायला सांगितलंय मला.”

“मग दाखव की. आज तरी तुझी तत्त्वं पिशवीत ठेव. केंद्र इथंच आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरगी किती दिवस आत्याकडं ठेवायची?”

तिची शाळा दूरच्या गावी होती, म्हणून लेक आत्याकडं राहत होती. गेल्या खेपेला सुट्टीत तिकडं गेली, तेव्हा तिनं फणी हातात घेतली, तर लेक म्हणाली होती, असू दे, आत्या घालेल वेणी. तेव्हापासून केंद्रावरच्या त्या जागेचा विचार तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

साहेब आले. पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनी उठून खुर्च्या दिल्या. मघाशी टाळीसरांच्या नकला करणारे दोघं आता त्यांच्याच मागं हात बांधून उभे होते. कोपऱ्यात निवृत्तीला टेकलेले एक सर दिवसभर डुलक्या काढत होते. सगळे त्यांना आजोबासर म्हणत. ते बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत होते. तो आवाज तिला पार मेंदूत गेल्यासारखा वाटला.

टाळीसरांनी खिडकीतली बशी तिच्यापुढं सरकवली. तिनं ती बाजूला ठेवली. कुंडीतल्या झाडाचं पट्टी लावलेलं दुसरं पान तोडलं, पाण्यात उकळलं, मग स्पिरिटमध्ये. टाळीसर तोवर भाषण करत होते, पण त्यांची नजर तिच्या हातांवरून हलत नव्हती. आयोडीन पडलं. पान एकजात काळं झालं.

“सर, झाकलेला भागही निळा झालाय,” ती मोठ्यानं म्हणाली. “म्हणजे प्रयोग फसलाय.”

साहेबांनी मोबाइलवरून मान वर केली. बशीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

“वा! याला म्हणतात करून शिकणं. अशीच माणसं हवीत आपल्याला केंद्रावर. नाव पक्कं समजा.”

“आता बाईंसाठी तीन टाळ्या!” टाळीसर ओरडले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानंही बशीकडं पाहिलं नाही, की काय फसलं ते विचारलं नाही. “थँक्यू सर,” ती म्हणाली. तो आपलाच आवाज आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. मग तिला स्वतःचीही किळस आली.

सगळे साहेबांच्या मागोमाग बाहेर गेले. ती आवरत होती, तोच आजोबासर टेबलाशी आले. मिशीला चहा लागलेला.

“बाई, ते फसलं म्हणालात ते कसं काय?”

“तुम्हीही टाळ्या वाजवल्यात ना?”

“वाजवल्या. सगळे वाजवत होते.” ते ओशाळून हसले. “आमच्या शाळेतलं कपाट कुलपातच असतं हो. किल्ली कुणाकडं, तेही ठाऊक नाही. आख्खी नोकरी गेली, मुलांना फळ्यावरच पान काढून दाखवलं. आज वाटलं, हात लावायला मिळेल. पण टेबलामागं एकालाच उभं राहायला मिळतं.”

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग मिशीकडं बोट केलं. त्यांनी बाहीनं मिशी पुसली.

झाडाला अजून पानं होती. तिनं शेगडी पुन्हा लावली, एक पान पाण्यात उकळून घेतलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. दोनदा पान निसटलं, तिसऱ्यांदा स्पिरिटच्या नळीत गेलं. स्पिरिट हळूहळू हिरवं व्हायला लागलं तसे ते गुडघे वाकवून, तोंड उघडं टाकून पाहायला लागले.

“हे हिरवं पानातलं?”

“पानातलंच. आता पान पांढरं पडेल. घाई करू नका.”

दारातून टाळीसरांची हाक आली. “बाई, अहो चला! साहेब गाडीत बसतायत. नेमणुकीचं तिथंच बोलून घेऊ, फोटोही राहिलाय.”

आजोबासरांनी दचकून चिमटा खाली ठेवायला घेतला. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“बसू द्या त्यांना,” ती दाराकडं न पाहता म्हणाली. “इथं पान उकळतंय.”